न तुटलेली तार : हुक्केरी रस्त्यावर सुटलेल्या कॉम्प्रेसरचं प्रकरण

"तार बघा, जशीच्या तशी हाय. कुठं तुटली न्हाई. मग सुटलं कसं?"

अण्णांनी कॉम्प्रेसरच्या हँडब्रेकची लाल तार माझ्या हातात दिली आणि उत्तराची वाट बघत उभे राहिले. अण्णा म्हणजे हुक्केरीकडचे विहिरीचे कंत्राटदार. खडक लागला की त्यांचा कॉम्प्रेसर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं हवेचं मशीन, जातो. कपारी फोडणं, सुरुंगाची भोकं मारणं, सगळं त्याच्यावर. माझं वर्कशॉप संकेश्वरात. ट्रॉलीचे दांडे, हूक, चासी, गाड्यांचे टो बार (गाडीमागे ट्रेलर जोडायचा आडवा बार) असलं काम गेली बावीस वर्षं करतोय. त्या सकाळी त्यांच्या पिकअपच्या मागे कॉम्प्रेसर नव्हता. तो क्रेनने उचलून दुसऱ्या गाडीतून आणला होता. दांडा डावीकडे वाकलेला, पुढचं लहान चाक मोडलेलं, कपलरच्या, म्हणजे दांड्याच्या टोकावरच्या पकडीच्या, तोंडात काळी माती आणि उसाचं पाचट भरलेलं.

झालं होतं असं. जानेवारीचा महिना, गाळप जोरात. हुक्केरीहून संकेश्वरकडे येताना एका वस्तीजवळ उतार आहे आणि उताराच्या मध्येच स्पीडब्रेकर. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या हळू चाललेल्या. ड्रायव्हरने वेग कमी केला, पिकअपची मागची चाकं ब्रेकरवरून आदळली आणि त्याला गाडी एकदम हलकी झाल्यासारखी वाटली. आरशात बघतो तर कॉम्प्रेसर मागे नाही, बाजूला. तो स्वतःच्या वेगाने उतरत रस्ता सोडून उसाच्या फडात गेला. दांडा ओल्या मातीत रुतला म्हणून थांबला. रस्त्यापासून साठ-सत्तर पावलं. तिथून दहा पावलांवर विजापूरकडच्या तोडकऱ्यांची पालं होती. सकाळची वेळ, मोठी माणसं फडात, पालात दोन पोरं आणि एक म्हातारी. कुणाला काही झालं नाही. मी दुपारी ती जागा बघून आलो. चाकांच्या खुणा त्या पालांच्या दिशेनेच गेलेल्या होत्या. त्या दहा पावलांमुळे हे सगळं सविस्तर लिहायला बसलोय.

कॉम्प्रेसर परदेशी बनावटीचा, चार वर्षांपूर्वी जुना घेतलेला. एक आस, दोन चाकं, गाडीच्या टो बारवरच्या ५० मिलीमीटरच्या बॉलवर, म्हणजे लोखंडी गोळ्यावर, बसणारा कपलर. प्लेटवर वजन ११०० किलो. याच्या दांड्यात एक गोष्ट आहे जी आपल्या ट्रॉलीत नसते. त्याला स्वतःचे ब्रेक आहेत, आणि ते ब्रेक पुढच्या गाडीला ना पाइपने जोडलेले, ना वायरने. पुढची गाडी थांबू लागली की मागचं धूड पुढे ढकललं जातं, कपलरचा नळा दांड्यात आत सरकतो आणि तो दाब सळईने मागच्या चाकांच्या ब्रेकपर्यंत पोचतो. गाडी जेवढी जोरात थांबेल, तेवढा ब्रेक आपोआप लागतो. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक लागतोच, आणि या वजनात तो बहुतेक याच पद्धतीचा असतो.

या व्यवस्थेचा कमकुवतपणा उघड आहे. बॉल कपलरमधून निघाला की ढकलायला काही उरत नाही. ब्रेक चाकांत शाबूत, पण तो लावणारं कुणी नाही. त्यासाठी ती लाल तार. तिचं मागचं टोक हँडब्रेकच्या दांडीला, पुढचं टोक ओढणाऱ्या गाडीला. ट्रेलर सुटला, गाडी पुढे गेली की तार ताणते, हँडब्रेक ओढला जातो, ब्रेक लागतात. आणि मग तार तुटते. किंवा दांडीकडच्या टोकाची रिंग उघडते. हे तुटणं म्हणजे बिघाड नाही, तो तिच्या कामाचा दुसरा अर्धा भाग आहे. ब्रेक लागलेला ट्रेलर जागेवर थांबावा आणि गाडी त्याच्यापासून मोकळी व्हावी, एवढ्यासाठी तिला मुद्दाम बारीक ठेवलेलं असतं.

म्हणून अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच वाक्यात होतं. तार तुटली नाही, याचा अर्थ तिने काम केलंच नव्हतं. हँडब्रेकची दांडी बघितली, पूर्ण खाली पडलेली. एक दातसुद्धा वर आलेला नव्हता.

मग ती निसटली कशी, हे शोधायला मी पिकअपच्या मागे बसलो. बॉलवर ग्रीस होतं, आणि ग्रीसमध्ये वरच्या अंगाला एक लालसर रेघ ओढल्यासारखी उमटलेली. तारेवरच्या प्लास्टिकचा रंग. ड्रायव्हरमामांना विचारलं, "तार कुठं अडकवत होता?" ते म्हणाले, "बॉलच्या मानेला. एक वेढा द्यायचा आणि क्लिप तारेलाच लावायची." लालसर रेघेचा उलगडा झाला. कपलर उडी मारून बॉलच्या वर आला, त्याच्यासोबत तारेचा वेढाही वर उचलला गेला, आणि वेढा बॉलपेक्षा सैल असल्याने तो टोपी काढावी तसा निघाला. बॉल सुटला की सुटणारी तार, ही तार न लावण्यासारखीच.

मामांना मी रागावलो नाही. त्यांनी कारण सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं. पहिली दोन वर्षं ते तार बंपरच्या पट्टीतल्या भोकात अडकवत. ती जागा कडेला होती. उजवीकडे वळलं की तार ताणायची, हँडब्रेक अर्धवट लागायचा, चाकांतून जळल्याचा वास यायचा. एकदा हत्तरगीच्या पुढे चाक इतकं तापलं की पाणी मारावं लागलं. तेव्हा कुणीतरी सांगितलं, मानेला वेढा दे, मधोमध येईल, ताणणार नाही. मधोमध आणायचं हे बरोबरच होतं. बॉलवर टाकणं चुकीचं होतं. गाडीला मधोमध अडकवायला दुसरी जागाच नव्हती. टो बार बनवताना कुणी ती ठेवलीच नाही. चार वर्षं रोज त्या तारेला हात लावणाऱ्या माणसाला ती कशासाठी आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. मशीनवरचं स्टिकर परदेशी भाषेत, पुस्तक जुन्या मालकाकडेच राहिलेलं. मामा कन्नड आणि मराठी दोन्ही वाचतात. दोन्हींपैकी कशात एक ओळ असती तरी पुरलं असतं.

आता मूळ प्रश्न. कपलरने बॉल सोडलाच का?

बॉल पुसून घेतला आणि व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, लावला. एका दिशेने ४९.२, थोडं फिरवून ४८.९, पुढे ४८.६, आणि गाडी ओढते त्या दिशेला ४८.४ मिलीमीटर. बॉल नवा असताना ५० चा असतो आणि कुठल्याही बाजूने ४९ च्या खाली गेला की तो बदलायचा असतो. हा बॉल साध्या लोखंडाच्या गोळ्यातून लेथवर काढलेला होता. डोळ्याला गोलगरगरीत. पण मऊ लोखंड झिजतं, त्यात ग्रीसमध्ये मुरलेली खडीची धूळ, म्हणजे पॉलिश पेपरच. बोट फिरवलं तर पुढच्या अंगाला सपाटी जाणवत होती. दीड मिलीमीटर ऐकायला काहीच नाही. पण कपलरचा जबडा ज्या पोटाखाली धरतो तिथलंच पोट गेलेलं होतं. कपलरही उघडून धुतला. आत माती सोडून जबडा ठीक होता, स्प्रिंग ठीक होती.

"तर मग," अण्णा म्हणाले, "बॉल बदला. आणि ही सुतळी काढून टाका. ट्रॉलीची साखळी घाला हँडब्रेकला. आमच्या ट्रॅक्टरला हाय तसली. ती काय तुटत न्हाई."

ही सूचना मी आमच्या भागात इतक्या वेळा ऐकलीय की तिच्यावर थोडं थांबतो. ती वेडेपणाची नाही. उसाच्या ट्रॉलीला आपण साखळी लावायला सांगतो, कारण आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. पिन निघाली तर दांडा खाली आपटू नये, ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागेच राहावी, एवढंच साखळीचं काम. ती धरून ठेवते. युरोपच्या नियमांतही दीड टनापर्यंतच्या ट्रेलरला तारेऐवजी अशी साखळी चालते, पण ती दांड्याला असते आणि इतकी आखूड की दांड्याचं नाक रस्त्याला लागू नये. हँडब्रेकला नाही.

अण्णांना हवी होती ती या दोन्हींची भेसळ. हँडब्रेकला साखळी घातली तर काय होईल? ट्रेलर सुटेल, साखळी हँडब्रेक ओढेल, चाकं जाम होतील. इथपर्यंत ठीक. पण साखळी तुटणार नाही. मग चाकं जाम झालेला ११०० किलोचा बोजा, नाक जमिनीला घासत, साखळीने पिकअपच्या मागे फरफटत येईल. सगळा ओढा हँडब्रेकच्या दांडीवर. दांडी वाकेल किंवा तिची पिन उपसून निघेल, आणि ती उपसली की ब्रेकही सुटला. तोवर ट्रेलर आडवा होऊन पिकअपची मागची बाजू ओढून नेईल. भक्कम वस्तू इथे घात करते. आमच्या धंद्यात 'जाड लाव' हा सल्ला दहापैकी नऊ वेळा बरोबर असतो. ही दहावी वेळ.

तोंडाने सांगून अण्णांना पटेना. मग करून दाखवायचं ठरवलं. त्याआधी दुरुस्ती.

नवा बॉल कोल्हापूरहून मागवला, फोर्जिंगचा म्हणजे घडीव लोखंडाचा, दोन बोल्टचा. वाकलेला दांडा तापवून सरळ करा म्हणून अण्णा मागे लागले होते, मी नाही म्हणालो. वाकलेलं चॅनल तापवून सरळ करता येतं, पण त्याची ताकद किती राहिली हे माझ्याकडे मोजायला साधन नाही. जुन्या मापाचा नवा दांडा बनवला, कपलर आणि ब्रेकची सळई त्यावर चढवली. मग दोन्ही चाकं जॅकवर उचलून हँडब्रेक ओढला. डावं चाक जाम, उजवं हाताने फिरतंय. उजव्या बाजूची ब्रेक केबल तिच्या नळीत गंजून बसली होती. म्हणजे त्या दिवशी तार बरोबर लागली असती, तरी एकाच चाकाला ब्रेक लागला असता आणि ट्रेलर डावीकडे ओढला गेला असता. केबल बदलली, ड्रम उघडून साफ केले, दोन्ही बाजू सारख्या लावल्या. तार लावताना लोक तारेकडेच बघतात. ती ज्या ब्रेकला ओढणार, तो चालतो का हे कुणी बघत नाही.

आता अडकवायची जागा. टो बारच्या आडव्या नळीवर, बॉलच्या अगदी शेजारी, १० मिलीमीटर जाडीच्या प्लेटची एक कडी बसवली. बॉलच्या बोल्टवरही अशी प्लेट बसवता येते आणि बरेच जण तशी बसवतात. मी स्वतंत्र बोल्ट घेतले. उद्या बॉलचेच बोल्ट ढिले होऊन बॉल निघाला, तर कडी त्याच्यासोबत जाऊ नये. वेल्डिंग टाळलं, कारण तो टो बार कुणी, कुठल्या लोखंडाचा बनवला ते ठाऊक नव्हतं. भोकाच्या कडा आधी फाइलने, मग पेपरने इतक्या गोल केल्या की करंगळी फिरवली तर कुठे टोचू नये. धारदार कडेवर ही बारीक तार महिन्याभरात अर्धी कापली जाते, आणि वरच्या लाल प्लास्टिकमुळे ते दिसतही नाही.

क्लिपमध्येही फरक असतो. साध्या तारेला कुत्र्याच्या पट्ट्याला असते तशी हलकी क्लिप असते. ती थेट कडीत अडकवली तर ओढ क्लिपवरच येते आणि हँडब्रेक लागायच्या आधी क्लिप उघडते. अशी तार कडीतून ओवून, मागे वळवून, क्लिप तारेलाच लावायची. दुसऱ्या प्रकारात जाड, बंद तोंडाचा हूक असतो, तो थेट कडीत लावण्यासाठीच बनवलेला. अण्णांच्या तारेला पहिली. म्हणजे मामा वेढा देऊन क्लिप तारेला लावत होते ती रीत बरोबरच होती. फक्त वेढ्याच्या आत बॉलऐवजी कडी असायला हवी होती.

कपलरच्या खाली तारेसाठी एक छोटी रिंग असते, तिच्यातून तार पुढे जाते. जुन्या दांड्यावर ती कधीच तुटून गेली होती. नव्यावर सळईचं गोल कडं करून लावलं. ते नसेल तर तार बाजूने ओढली जाते आणि दांडी वर यायच्या ऐवजी कडेला दाबली जाते. आणि तार वाटेत कुठेही, पुढच्या लहान चाकाला नाही, कपलरच्या मुठीला नाही, एकदाही गुंडाळायची नाही.

किती ढील ठेवायची, हे मोजपट्टीने सांगता येत नाही. पिकअपला कॉम्प्रेसर जोडला आणि अंगणात स्टीअरिंग पूर्ण डावीकडे तोडून गोल फिरवलं, मग पूर्ण उजवीकडे. मी बाजूने चालत तारेकडे बघत होतो. पहिल्या खेपेला उजव्या वळणावर ताणली, कडीतला एक वेढा कमी केला. दुसऱ्या खेपेला सरळ उभं राहिल्यावर तार जमिनीपासून चार बोटांवर लोंबत होती, म्हणजे खड्ड्यात घासणार. कडं थोडं वर घेतलं. तिसऱ्या खेपेला जमलं. पूर्ण वळणावर किंचित ढील, सरळ असताना जमिनीपासून वीतभर वर. अर्धा तास गेला असेल. मामा शेवटच्या दोन फेऱ्यांत स्वतः खाली उतरून बघत होते.

मग संध्याकाळी चाचणी. अंगण सपाट, दोन्ही चाकांना पुढेमागे दगड, पोरांना शेडच्या मागे पाठवलं. जुनी तार लावली, कपलर बॉलवरून मोकळा करून लाकडी ठोकळ्यावर टेकवला, आणि मामांना सांगितलं, पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगाने पुढे घ्या. तार आधी जमिनीवरून उचलली गेली. मग सरळ झाली. हँडब्रेकची दांडी कर्र, कर्र, कर्र करत दात मोजत वर आली आणि अर्ध्यावर आल्यावर आतल्या स्प्रिंगने तिला उरलेली वर फेकली. चाकं जाम. पिकअप आणखी हातभर पुढे गेली, आणि टक् असा एक बारीक आवाज. दांडीकडची रिंग उघडून तार गळून पडली. कॉम्प्रेसर जागेवर, पिकअप मोकळी.

अण्णा जवळ गेले. दगड काढून कॉम्प्रेसर ढकलून बघितला. हलला नाही. उलट बाजूने, चढावर मागे सरकेल तसा, दोघांनी मिळून ढकलला. तो बोटभर मागे सरकला आणि स्प्रिंगने दांडी आणखी एक दात वर ओढून त्याला थांबवलं. या ब्रेकची ही खासियत आहे. गाडी मागे घेताना ट्रेलर अडू नये म्हणून चाक उलटं फिरलं की तो ढिला पडतो. म्हणून हँडब्रेकला स्प्रिंग लागते, जी ढील येईल तशी ती भरून काढते. तवंदी घाट निपाणीकडून चढताना ट्रेलर सुटला तर सगळा भरवसा त्या स्प्रिंगवर असेल.

"म्हणजे हिनं तुटायलाच पायजे," अण्णा म्हणाले. साखळीचा विषय त्यांनी नंतर काढला नाही.

नवी तार लावली. एकदा ताणून तुटलेली किंवा रिंग उघडलेली तार गाठ मारून, रिंग पकडीने दाबून परत वापरायची नाही, हे मामांना दोनदा सांगितलं. जास्तीची एक तार पिकअपच्या खणात ठेवायला दिली. जोडणीचा क्रमही ठरवला. कपलर बसवायचा, लहान चाकाने दांडा वर उचलून पिकअपची मागची बाजू थोडी वर येते का बघायचं, म्हणजे कपलरने बॉल खरंच धरलाय हे कळतं. मग तार. हँडब्रेक सोडायचा सगळ्यात शेवटी. सोडवताना बरोबर उलट, हँडब्रेक सगळ्यात आधी.

या प्रकरणानंतर मी माझ्या कामात एक बदल केला. टो बार करायला कुणी आलं, मागे ब्रेकचा ट्रेलर असो वा नसो, कडीची प्लेट त्यातच धरतो. तिचे पैसे वेगळे घेत नाही. कुणी जनरेटर ओढतो, कुणी मांडवाच्या लाइटची ट्रॉली. आज ना उद्या त्या गाडीमागे असा ट्रेलर येईल, आणि ड्रायव्हर अडकवायला जागा शोधेल. जागा नसली की तो बॉलच शोधतो. उसाच्या ट्रॉल्यांचं दुखणं वेगळं आहे. कारखान्याच्या यार्डात कर्नाटकातल्या केए २३ आणि महाराष्ट्रातल्या एमएच ०९ नंबरच्या ट्रॉल्या शेजारी शेजारी उभ्या असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन. ब्रेक नाही, साखळी कधी आहे कधी नाही, आणि पिन निघू नये म्हणून लावायच्या कॉटरऐवजी तारेचा तुकडा. तिथे तरी साखळी हवीच. पण साखळी ट्रॉली धरते, थांबवत नाही, हे समजून हवी.

मार्चमध्ये मामांचा फोन आला. घटप्रभेच्या बाजूला कामावर होते. "मालक, कडीच्या भोकाला आतनं गंज धरलाय, खरबरीत लागतंय बोटाला. तार अजून कापली न्हाई, पण कापंल. पेपर मारू का इथंच?"

मी म्हणालो, मारा, आणि वर थोडं ग्रीस लावा. बॉलचं माप काय आहे विचारलं. त्यांनी व्हर्नियर विकत घेतला होता. म्हणाले, "एकोणपन्नास पूर्णांक नऊ. चारी बाजूनं घेतलंय."